डिजिटल व्हिडिओ कॅमेरे आणि फॉरमॅट : घट्ट रुजलेले गैरसमज

चौकट (धागाकर्ता) :

‘एमपी४ चांगलं की एमओव्ही?’ हा प्रश्न इथे सतत येतो आणि प्रत्येक वेळी उत्तरांत दोन तट पडतात. दोघांचंही चुकतं, कारण प्रश्न डब्याबद्दल असतो आणि सगळे बोलत असतात आतल्या मालाबद्दल.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस ही सगळी डब्यांची नावं. डब्यात चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचे एक किंवा अधिक प्रवाह असतात, आणि कुठली फ्रेम कधी दाखवायची याची सूची असते. चित्र कसं दाबायचं हे ठरवतो कोडेक: एच.२६४, एच.२६५, एमपेग-२, डीव्ही, प्रोरेस वगैरे. एमपी४ हा डबा तर मुळात क्विकटाइमच्या एमओव्हीवरूनच बेतलेला आहे. तोच एच.२६४ प्रवाह दोन्ही डब्यांत ठेवला तर चित्रात एका बिटाचाही फरक पडत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फाइलचं एक्स्टेंशन बदलल्याने काहीही कन्व्हर्ट होत नाही. फक्त लेबल बदलतं. दुसरी, डबा खरोखर बदलायचा असेल तर पुन्हा एन्कोड करायची गरज नसते. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरला व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हींच्या कोडेकच्या जागी ‘कॉपी’ सांगायचं. काम डिस्कच्या वेगाने होतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. एखादा ‘कन्व्हर्टर’ डबा बदलायला प्रोसेसर तापवत अर्धा तास घेत असेल, तर तो चित्र उलगडून पुन्हा दाबतोय हे नक्की समजा.

एक विनंती. ‘फाइल उघडत नाही’ किंवा ‘अडखळते’ असं लिहिताना फाइल मीडियाइन्फो या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या साधनात उघडून एवढं द्या: कोडेक, प्रोफाइल, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग (४:२:२ असा लिहिलेला, रंगाचा तपशील किती ठेवलाय तो आकडा), स्कॅन टाइप, फ्रेम रेट मोड आणि बिट रेट. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

ध्वनिलहर :

सहमत, पण एक पुरवणी. कॅमेऱ्याच्या मेनूत एमपी४ आणि एमओव्ही असे दोन पर्याय असतात तेव्हा कंपनीने त्यांच्यामागे वेगवेगळी सेटिंग बांधलेली असू शकतात. काही कॅमेऱ्यांत एमओव्ही निवडलं की आवाज न दाबलेल्या पीसीएममध्ये येतो आणि एमपी४ निवडलं की एएसीमध्ये. काहींत जास्त बिट रेटचे पर्याय फक्त एमओव्हीखाली दिसतात. म्हणून ‘एमओव्ही बरं दिसतं’ हा अनुभव खोटा नसतो, त्याचं श्रेय डब्याला देणं चुकीचं असतं. दोन्हींत दहा-दहा सेकंदांची क्लिप घ्या आणि मीडियाइन्फोने ताडून पाहा.

नवखा१० :

मिनी डीव्ही कॅसेट संगणकावर उतरवायच्या आहेत. कॅमेऱ्याला यूएसबी आहे, लाल-पांढरी-पिवळी वायर आहे आणि फायरवायरही आहे. सगळं डिजिटलच आहे, तर कुठूनही काढलं तरी सारखंच ना? आणि डीव्ही म्हणजे अनकंप्रेस्ड, बरोबर?

जुनीकॅसेट :

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. सविस्तर लिहितो, कारण कॅसेटची ही कामं एकदाच होतात आणि चुकली तर पुन्हा करायला कॅमेरा चालू राहीलच असं नाही.

आधी दुसरं. १९९५ साली आलेला डीव्ही फॉरमॅट चित्र सुमारे ५:१ प्रमाणात दाबतो. चित्राचा डेटा २५ मेगाबिट प्रतिसेकंद, आवाज आणि इतर माहिती धरून तासाला साधारण १३ जीबी. मात्र प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, म्हणून कुठेही कापता येतं. त्यामुळेच तो ‘अनकंप्रेस्ड’ वाटतो.

आता वायर. टेपवर आकडे लिहिलेले आहेत. फायरवायरने तेच आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये येतात. याला कॅप्चर म्हणत असले तरी प्रत्यक्षात ती नक्कल आहे. पिवळ्या वायरीने किंवा एस-व्हिडिओने काढलं तर कॅमेरा त्या आकड्यांचं अ‍ॅनालॉग चित्र करतो आणि कॅप्चर कार्ड त्याचे पुन्हा नवे आकडे करतं. कडा पसरतात, रंग सरकतात, शूटिंगची तारीख-वेळ गळून पडते. अनेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांवरचा यूएसबी पोर्ट तर मेमरी कार्डावरचे फोटो काढण्यासाठी किंवा वेबकॅमसारख्या छोट्या चित्रासाठी होता. थोड्याच मॉडेलांत यूएसबीवरून पूर्ण डीव्ही प्रवाह मिळतो.

बाजारात एक छोटा जोड मिळतो, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला फायरवायरचं तोंड. तो घेऊ नका. आत फक्त तारा जोडलेल्या असतात. दोन्हींचे नियम वेगळे, त्यामुळे नुसत्या तारा जोडून काम होत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवा, नाहीतर फायरवायर पोर्ट असलेला जुना संगणक वापरा. कॅमेऱ्याचं तोंड बहुतेक वेळा ४ पिनचं असतं, संगणकाचं ६ किंवा ९ पिनचं. ६ पिनच्या तोंडातून वीजही येते. ते उलटं दाबून बसवलं तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळू शकतो. म्हणून कॅमेरा बंद ठेवून वायर लावायची, मग कॅमेरा प्लेबॅकवर चालू करायचा.

क्रम असा ठेवा:

१. कॅसेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे एकदा गुंडाळून घ्या, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो.

२. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब यांसारखं फक्त प्रवाह उचलणारं सॉफ्टवेअर घ्या. एमपेग किंवा एमपी४ मध्ये थेट बदलून देणारं नको.

३. ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा बघत राहा. तो शून्यच हवा. वाढत असेल तर संगणकाची डिस्क किंवा दुसरं एखादं चालू काम अडथळा करतंय.

४. चित्रात चौकोनी ठिपके दिसले तर तोच भाग पुन्हा वाजवून उतरवा. दोन-तीन वेळा उतरवलेल्या प्रतींतून चांगल्या फ्रेम निवडून एक फाइल करायला डीव्हीरेस्क्यू आहे.

आडवे पट्टे एकाआड एक खराब दिसत असतील, तर दोन हेडपैकी एकावर मळ बसलेला असतो. पाल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) फ्रेम टेपवर १२ ट्रॅकमध्ये लिहिली जाते आणि दोन्ही हेड आळीपाळीने ट्रॅक वाचतात, म्हणून पट्टे. कोरडी क्लीनिंग कॅसेट सुमारे १० सेकंद चालवा आणि थांबा. ती घासणारी असते. मिनिटभर चालवली तर हेड झिजतं.

कातरकाम :

@जुनीकॅसेट, एलपी मोडबद्दल (टेप हळू फिरवून जास्त वेळ भरण्याचा पर्याय) पण लिहा. ‘एलपीमध्ये शूट केलंय म्हणजे क्वालिटी गेली’ हे सगळीकडे वाचायला मिळतं.

जुनीकॅसेट :

तो व्हीएचएसचा वारसा आहे. व्हीएचएसमध्ये टेप हळू फिरवली की चित्र खरंच बिघडतं. डीव्हीमध्ये एलपीला ट्रॅकची रुंदी १० मायक्रॉनवरून सुमारे ६.७ मायक्रॉनवर येते आणि ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावतात. पण लिहिला जाणारा डेटा तोच, २५ मेगाबिटचा. नीट वाचला गेला तर चित्रात फरक शून्य. अडचण वाचनात आहे. अरुंद ट्रॅकवर हेड जरा जरी सरकलं तरी ठिपके येतात, आणि एका कॅमेऱ्यात एलपीवर भरलेली कॅसेट दुसऱ्यात बऱ्याचदा नीट वाजत नाही. शक्यतो ज्या कॅमेऱ्यात शूट झालं त्यातच वाजवा.

डीव्हीकॅम या डीव्हीच्याच व्यावसायिक प्रकाराबद्दलही असाच समज आहे. तिथे ट्रॅक १५ मायक्रॉनचा, त्यामुळे टेपवर डेटा जास्त सुरक्षित. चित्राचं कोडेक मात्र मिनी डीव्हीचंच. आणि महागडी टेप घेतल्याने रंग खुलतात असं मुळीच नाही. चांगल्या टेपवर ड्रॉपआउट (डेटा वाचता न येणाऱ्या जागा) कमी येतात, इतकंच.

एक राहिलं. आवाजाचं सेटिंग १२ बिट असेल तर तो ३२ किलोहर्ट्झवर भरला जातो, १६ बिटला ४८ वर. बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांत १२ बिट हाच मूळ पर्याय होता. एकाच कॅसेटवर मध्येच सेटिंग बदललेलं असेल तर काही सॉफ्टवेअर पुढचा सगळा आवाज चुकीच्या वेगाने वाजवतात. फाइल तिथे तोडून दोन भाग करा.

चौकट :

डीव्ही फाइल हाती आली की पुढची चूक ठरलेली. फाइल संगणकावर उघडतात, हालचालीच्या कडांवर कंगव्यासारख्या रेषा दिसतात, आणि ‘कॅसेट खराब झाली’ असा निष्कर्ष निघतो. त्या रेषा म्हणजे इंटरलेस. पाल डीव्हीच्या एका सेकंदात २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये सम आणि विषम ओळींची दोन फील्ड, वेगवेगळ्या क्षणी टिपलेली. म्हणजे हालचालीचे ५० नमुने.

डी-इंटरलेस करताना, म्हणजे फील्डांपासून पूर्ण फ्रेम बनवताना, बहुतेक सोपी सॉफ्टवेअर २५ फ्रेम काढतात. निम्मी हालचाल तिथेच फेकली जाते आणि मग ‘जुन्या टीव्हीवर किती गुळगुळीत दिसायचं’ अशी हळहळ होते. प्रत्येक फील्डची एक फ्रेम करा, ५० फ्रेम प्रतिसेकंद. एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर पुरेसा चांगला आहे. वेळ असेल तर क्यूटीजीएमसी, तो फार मंद आहे पण कडा सर्वांत स्थिर देतो. आकार बदलणं, फिरवणं, स्टेबलाइझ करणं, सगळं डी-इंटरलेसनंतरच. आधी उंची बदलली तर दोन फील्डच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

फील्डचा क्रमही पाहा. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, १०८०आयमध्ये (‘आय’ म्हणजे इंटरलेस) सहसा वरचं. क्रम चुकला की हलणारी वस्तू दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरते. एक-एक फ्रेम पुढे नेऊन पाहिलं की लगेच कळतं.

आणि याच्या उलट चूकही होते. काही कॅमेरे २५ प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकाच क्षणी टिपलेलं) चित्र ५०आय प्रवाहात भरून देतात. मीडियाइन्फो त्याला इंटरलेस्ड म्हणतो, पण हलत्या भागात कंगवा दिसत नाही. अशा क्लिपला डी-इंटरलेस करू नका, उगाच तपशील जातो. इथे माहितीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवायचा.

डीव्हीच्या पिक्सेलबद्दल थोडक्यात: पाल डीव्ही कायम ७२० गुणिले ५७६, मग चित्र ४:३ असो की १६:९. पिक्सेल चौरस नसतात. चेहरे लांबट किंवा पसरट दिसले तर फक्त प्रमाणाची खूण चुकलेली असते. चौरस पिक्सेलमध्ये काढायचं तर ४:३ साठी ७६८ गुणिले ५७६, १६:९ साठी १०२४ गुणिले ५७६.

नवखा१० :

पाल आणि एनटीएससीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. नवीन ४के कॅमेऱ्याच्या मेनूतही पाल / एनटीएससी असतं. चुकीचं निवडलं तर फाइल दुसऱ्या देशात चालणार नाही का?

प्रकाशमापक :

चालेल. पाल आणि एनटीएससी या अ‍ॅनालॉग टीव्हीवर रंग पाठवायच्या पद्धती होत्या. ४के किंवा १०८० च्या फाइलमध्ये दोन्हींपैकी काहीच नसतं. मेनूतल्या त्या पर्यायाने फक्त फ्रेम रेटची यादी बदलते: एकीकडे २५, ५०, १००, दुसरीकडे २९.९७, ५९.९४ आणि सहसा २३.९८. बदलताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, तेवढं बघून करा.

निवडायचं ते दिव्यांवरून. वीज ५० हर्ट्झ असेल तिथे मुख्य पुरवठ्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झला १२० वेळा. शटर त्या चक्राच्या पूर्ण पटीत ठेवलं की फ्लिकर जातो: ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. फ्रेम रेट चुकीचा ठेवून बसलात तरी शटर वाचवतं. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली ६० फ्रेमवर शूट करावंच लागलं तर शटर १/१०० करा. स्वस्त एलईडीच्या डिमरचा फ्लिकर वेगळा. त्याला शटर बारीक पायऱ्यांनी बदलत पट्टे थांबतात ती जागा शोधावी लागते.

याच ओघात रोलिंग शटर. ‘शटर वाढवा, खांब तिरके दिसणार नाहीत’ हा सल्ला चुकीचा आहे. सीमॉस सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो. वरची ओळ आणि खालची ओळ यांत समजा २० मिलिसेकंदांचं अंतर असेल, तर शटर १/५० असो की १/२०००, ते अंतर २० मिलिसेकंदच राहतं. शटर वाढवलं की धूसरपणा जातो आणि तिरपेपणा उलट ठळक दिसतो. उपाय दोनच: कॅमेरा हळू फिरवा, किंवा सेन्सर वेगाने वाचला जाणारा मोड निवडा. बऱ्याचदा क्रॉप मोड किंवा जास्त फ्रेम रेटचा मोड तसा असतो.

कातरकाम :

‘लॉगमध्ये शूट करा, रॉ मिळतं’ यावरही लिहा. एडिटिंगला येणाऱ्या फुटेजमध्ये सर्वांत जास्त नुकसान यानेच झालेलं दिसतं.

प्रकाशमापक :

लॉग म्हणजे रॉ नव्हे. रॉमध्ये सेन्सरचे आकडे रंग तयार होण्याआधीच साठवले जातात. व्हाइट बॅलन्स नंतर ठरतो. लॉगमध्ये रंग तयार झालेले असतात, व्हाइट बॅलन्स आणि नॉइज (चित्रातले दाणे) कमी करण्याची प्रक्रिया चित्रात पक्की झालेली असते, चित्र दाबलेलं असतं. फक्त उजेडाचा मोठा पल्ला मोजक्या आकड्यांत बसवण्यासाठी वक्र वेगळा लावलेला असतो.

८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये या पायऱ्या पूर्ण पल्ल्यावर वाटल्या जातात आणि ग्रेडिंगला (नंतर रंग-उजेड जुळवताना) तुम्ही त्या ताणता. ८ बिटमध्ये ताणलं की आकाशात पट्टे पडतात. म्हणून कॅमेरा ८ बिटच देत असेल तर लॉगऐवजी साधं, थोडं सौम्य प्रोफाइल वापरा. १० बिट घेतल्याने डायनॅमिक रेंज (उजेडाचा पल्ला) वाढते असंही समजू नका. रेंज सेन्सरची असते. शिडीची उंची तीच, पायऱ्या जास्त.

लॉग एक्स्पोज करताना स्क्रीनवर चित्र फिकट दिसतं म्हणून लोक डोळ्यांना बरं दिसेपर्यंत आयरिस फिरवतात. एस-लॉग३ (सोनीचा लॉग) मध्ये १८ टक्क्यांचं करडं कार्ड ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद ६१ टक्क्यांच्या आसपास बसायला हवा. झेब्रा किंवा वेव्हफॉर्म (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचे उजेड मोजणारे दर्शक) लावून हेच आकडे बघा. कागद ९० टक्क्यांवर नेऊन ठेवला तर त्यावरच्या उजळ भागाला जागाच उरत नाही.

‘कन्व्हर्ट केल्यावर फाइल फिकट झाली’ ही तक्रार वेगळ्या कारणाची. व्हिडिओत ८ बिटला काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणकाच्या चित्रांत ० आणि २५५ वर. कोणी एकाने एक समजून दुसरं वाचलं की चित्र एक तर फिकट होतं, नाहीतर काळोखाचा तपशील बुडतो. डेटा गेलेला नसतो, खूण चुकलेली असते. एडिटरमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत फुल आणि लिमिटेड बदलून बघा. बरेच कॅमेरे २३५ च्या वरही लिहितात, त्यामुळे जळालेला वाटणारा ढग ब्राइटनेस खाली ओढला की परत दिसू लागतो. टाकाऊ ठरवण्याआधी हे करून पाहाच.

ध्वनिलहर :

आता आवाज सरकण्याचं. ‘सिंक गेला’ यावर सर्रास ‘फोनचा माइक खराब’ असं उत्तर येतं. माइकचा सिंकशी काही संबंध नाही. फरक कसा वाढतो त्यावरून कारण ओळखता येतं. सुरुवात, मध्य आणि शेवट असा तीन ठिकाणी फरक मोजा.

फरक एकसारखा वाढत असेल तर घड्याळ वेगळं आहे. कॅमेरा आणि वेगळा रेकॉर्डर यांची वेळ मोजणारी क्रिस्टल तंतोतंत जुळत नाहीत, लांब रेकॉर्डिंगमध्ये काही फ्रेमचा फरक पडतो. ऑडिओ क्लिप तेवढ्या टक्क्यांनी ताणा, काम झालं. फरक तासाला सुमारे ३.६ सेकंदांनी वाढत असेल तर कुठेतरी २९.९७ ला ३० समजलं गेलंय, हा ०.१ टक्क्याचा फरक १९५३ च्या रंगीत एनटीएससीपासून चालत आलाय. आवाज बारीक आणि वेगवान ऐकू आला तर ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजतेय.

फरक कधी वाढतो कधी कमी होतो, असं असेल तर कारण व्हेरिएबल (सतत बदलणारा) फ्रेम रेट. फोन उजेड आणि तापमानानुसार फ्रेम कमी-जास्त करतात. प्लेअर वेळेच्या खुणा पाळतो म्हणून तिथे ठीक दिसतं, काही एडिटर पाळत नाहीत. एडिटिंगच्या आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, क्वालिटी आरएफ १६ च्या आसपास ठेवून, फाइल एकदा बदलून घ्या. टाइमलाइनवर कापाकापी झाल्यावर हे केलं तर सगळे कट हलतात.

फरक एका जागी अचानक उडी मारत असेल तर तिथे फ्रेम गळल्यात किंवा फाइलचे दोन तुकडे चुकीचे जोडलेत.

ड्रॉप फ्रेम टाइमकोडचा (टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा क्रमांक) गैरसमजही याच घरातला. त्यात एकही फ्रेम ड्रॉप होत नाही. दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे क्रमांक वगळले जातात, दर दहावं मिनिट सोडून. तासाला १०८ क्रमांक, म्हणजे तेच ३.६ सेकंद. २५ फ्रेमवर काम करणाऱ्यांना याची गरजच नाही.

कातरकाम :

तुकडे जोडण्यावरून एव्हीसीएचडी. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेला हा फॉरमॅट. आत एच.२६४ आणि डबा एमटीएस. कार्डावरून फक्त स्ट्रीम फोल्डरमधल्या फाइली उचलायची सवय लागलेली असते. लांब रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्यांत लिहितो, आणि एकामागोमाग एक जोडायचं कसं ही माहिती बाकीच्या फोल्डरांत असते. तुकडे टाइमलाइनवर नुसते शेजारी ठेवले की जोडावर आवाज क्षणभर तुटतो. पूर्ण ‘प्रायव्हेट’ फोल्डर जसं आहे तसं कॉपी करा आणि एडिटरच्या मीडिया ब्राउझरमधून किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून आत घ्या. फक्त तुकडेच उरले असतील तर ते बायनरी पद्धतीने एकापुढे एक चिकटवा. एमटीएसला ते चालतं, एमपी४ ला चालत नाही.

अडखळण्याबद्दल. ‘फाइल छोटी आहे, तरी संगणक का अडखळतो?’ छोटी आहे म्हणूनच. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमशी असलेल्या फरकाच्या रूपात असतात. एक फ्रेम दाखवायला आधीच्या अनेक उलगडाव्या लागतात. शिवाय एच.२६५ चं १० बिट ४:२:२ अनेक ग्राफिक्स कार्डं हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. अशा वेळी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) करा, किंवा प्रोरेस / डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या कोडेकमध्ये बदला. १०८० च्या २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सुमारे १२२ मेगाबिट, तासाला ५५ जीबी. याने चित्र सुधारत नाही. कापताना हात मोकळा होतो, एवढंच.

नवखा१० :

आणि कार्ड? १७० एमबी लिहिलेलं कार्डही ‘रेकॉर्डिंग थांबलं’ असं दाखवतं.

चौकट :

तो मोठा आकडा सहसा सर्वाधिक वाचनवेगाचा असतो. व्हिडिओला लागतो तो कायम टिकणारा लेखनवेग, आणि तो छोट्या खुणेत लिहिलेला असतो: यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३० मेगाबाइट प्रतिसेकंद, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ए१, ए२ या खुणा अ‍ॅपसाठी आहेत, इथे बघायची गरज नाही.

कॅमेरा मेगाबिटमध्ये बोलतो, कार्ड मेगाबाइटमध्ये. आठने भागा: १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, व्ही३० पुरतं. ४०० मेगाबिट म्हणजे ५०, तिथे व्ही६० हवं. जागेसाठी मेगाबिटच्या आकड्याला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. १०० ला ४५ जीबी. मात्र बिट रेटवरून दर्जाची तुलना एकाच कोडेकच्या आत करायची. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबणाऱ्या मोडला त्याच चित्रासाठी कितीतरी जास्त बिट लागतात.

नवीन कार्ड आलं की आधी पूर्ण क्षमतेने भरून पाहा, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३. बनावट कार्ड १२८ जीबी दाखवतं आणि आतली खरी जागा संपली की गुपचूप जुन्यावर लिहीत जातं किंवा डेटा हरवतं. मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. संगणकावरून कार्डावरच्या एकेक फाइली पुसू नका. कॅमेऱ्याची यादी आणि प्रत्यक्ष फाइली जुळेनाशा होतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ वर असतात, तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. दर ४ जीबीला नवी फाइल दिसली तर तो दोष नव्हे. त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट असतं.

जुनीकॅसेट :

बॅटरी मध्येच गेली किंवा कार्ड चालू रेकॉर्डिंगमध्ये निघालं तर? एमपी४ / एमओव्ही उघडत नाही आणि लोक फाइल पुसून टाकतात.

कातरकाम :

पुसू नका. या डब्यांत फ्रेमची सूची बऱ्याच कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग बंद करतानाच लिहिली जाते. वीज गेली की सूची नाही, पण चित्राचा डेटा बहुतेक पूर्ण असतो. आधी कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घाला, काही कॅमेरे स्वतःच दुरुस्तीची विचारणा करतात. तिथे फॉरमॅटचा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणा. दुरुस्ती झाली नाही तर कार्डाची लॉक पट्टी सरकवा, संगणकावर पूर्ण कार्डाची इमेज (हुबेहूब प्रत) काढा आणि पुढचं काम त्या इमेजवर करा.

मग त्याच कॅमेऱ्यावर, दुसऱ्या कार्डावर, तंतोतंत त्याच सेटिंगमध्ये एक-दोन मिनिटांची चांगली क्लिप घ्या: तेच कोडेक, तोच फ्रेम रेट, आवाजाचंही तेच. अनट्रंक या मोफत साधनाला आधी ही चांगली क्लिप आणि मग तुटलेली फाइल द्या. ते चांगल्या क्लिपवरून रचना शिकून नवी सूची बांधतं. फ्रेम रेट वेगळा असेल तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या गतीने धावतात, कोडेक वेगळं असेल तर हिरव्या-करड्या चौकटी दिसतात. तसं झालं तर संदर्भाची क्लिप बदलून पुन्हा चालवा. इमेजमध्ये फाइलचा आकार शून्य दिसत असेल तर अनट्रंकला द्यायला काहीच नसतं. आधी फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनाने इमेजमधून डेटा बाहेर काढा आणि मग हेच.